कापूस, सागवान आणि गिरगावची चाळ

लासलगाव स्टेशनवरून जाणारा लोहमार्ग आज कांद्यासाठी ओळखला जातो. तो टाकला गेला तेव्हा मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेच्या डोळ्यांसमोर कापूस होता. खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस मनमाड, लासलगाव, नाशिक, इगतपुरी असा घाटमाथ्यापर्यंत यायचा आणि तिथे अडायचा. थळ घाटाचं काम संपेपर्यंत तो बैलगाड्यांनी खाली उतरवण्यावाचून इलाज नव्हता. १ जानेवारी १८६५ रोजी घाटातून गाडी सुरू झाली आणि वऱ्हाडचा गठ्ठा थेट मुंबई बंदरात पोहोचण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस मँचेस्टरला मिळत नव्हता, म्हणून मुंबईत पैशाचा पूर आला होता. पण घाट खुला झाल्यावर जेमतेम चार महिन्यांत ते युद्ध संपलं. १ जुलै १८६५ला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते; त्या दिवशी मुंबईच्या पेढ्या धडाधड कोसळल्या. १८६४च्या गणतीत ८,१६,५६२ माणसं असलेलं शहर १८७२ साली ६,४४,४०५वर आलं.

गिरगावच्या चाळींची गोष्ट या पडझडीनंतर सुरू होते. सट्टा बुडाला तरी रूळ जागेवर होते, बंदर जागेवर होतं आणि कापूस येतच होता. तो आता नुसता जहाजावर चढवण्याऐवजी इथेच कातावा आणि विणावा, या विचाराने परळ, लालबाग, भायखळ्याकडे गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कापसाच्या मागोमाग माणसं आली. १८९१पर्यंत वस्ती पुन्हा ८,२१,७६४ झाली. गिरणीतला कामगार गिरणीच्या सावलीत राहिला. कचेरीतला कारकून, शाळामास्तर, छापखान्यातला जुळारी, पेढीवरचा मेहता यांना मात्र कोटापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर जागा हवी होती. ती गिरगावात होती. नारळी-पोफळीच्या वाड्यांचा तो भाग व्हिक्टोरिया राणीच्या शेवटच्या तीस वर्षांत चाळींनी भरून गेला.

चाळीवर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. नाटकं झाली, विनोद झाला, आठवणींची पुस्तकं झाली. ते सगळं लिखाण चाळीतल्या माणसांचं आहे. चाळ ही एक इमारत आहे, ती कुणीतरी आखली, तिचं लाकूड कुठून तरी आलं, तिच्या मापांमागे हिशेब होता, याकडे आपण फारसं बघितलं नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेलं बोरीबंदरचं स्टेशन १८८८ साली पूर्ण झालं. त्याच्या कमानींवरचा एकेक मोर आणि माकड अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. त्याच स्टेशनात उतरलेला माणूस पुढची चाळीस वर्षं ज्या खोलीत राहिला, त्या खोलीची तुळई किती जाड होती हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. मला हा अन्याय वाटतो, कारण वास्तुशिल्पाच्या दृष्टीने चाळ काही कमी हुशारीची वस्तू नाही.

मुळात तिचा आराखडा बघा. त्याच काळात लंडनमध्ये मध्यमवर्गासाठी घरांच्या रांगा उठत होत्या. भिंतीला भिंत लागून घरं, पण प्रत्येकाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आणि आत स्वतःचा जिना. मुंबईच्या मालकाला एवढी जमीन परवडणारी नव्हती आणि भाडेकरूला एवढं भाडं. म्हणून इथे रांग आडवी न पसरता एकावर एक रचली गेली. तीन-चार मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या आणि सगळ्या खोल्यांच्या पुढून जाणारी एकच लांब गॅलरी. दहा-बारा बिऱ्हाडांना मिळून एक-दोन जिने पुरले. आतून बोळ काढला असता तर तो अंधारा झाला असता आणि भाड्याची जागा त्याने खाल्ली असती. बाहेरून काढलेल्या गॅलरीने वाट दिली, उजेड दिला, खोलीच्या भिंतीला पावसाच्या झडीपासून आडोसा दिला. शिवाय खोलीत न मावणारा संसार तिथे ठेवता आला. एका लाकडी सज्जाकडून एवढी चार कामं करून घेणाऱ्या त्या मिस्त्रींची नावं आपल्याला ठाऊक असती तर बरं झालं असतं.

जोतं काळ्या दगडाचं. त्याच्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती विटांच्या आणि चुन्याच्या, पण बहुतेक ठिकाणी त्या नुसत्या भरणीच्या. वरचा भार लाकडाच्या सांगाड्यावर. तुळईचं टोक खांबाच्या खाचेत बसवून लाकडाची खुंटी ठोकलेली असते. या जोडाला थोडी लवचीकता असते, म्हणूनच शंभर वर्षांनी इमारत कलली तरी एकदम कोसळत नाही, करकरत राहते. वर उतरतं छप्पर. आधी ते हाताने घडवलेल्या नळीच्या कौलांचं असे आणि दर उन्हाळ्यात चाळून पुन्हा शाकारावं लागे. बासल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं फत्तेमाऱ्यांतून मुंबई बंदरात उतरू लागली. ती वजनाला हलकी, बसवायला सोपी. छपराखालच्या वाशांची संख्या त्यामुळे कमी झाली आणि दरवर्षीच्या शाकारणीचा खर्च वाचला. आजही जुन्या इमारतीचं छप्पर उतरवताना कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा उमटलेला दिसतो.

सागवानाची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या बांधकामाला मलबारचं लाकूड येत असे, डांगाच्या जंगलाचंही येत असे. शतकाच्या अखेरीला या सगळ्यांत भारी समजलं जाऊ लागलं ते ब्रह्मदेशाचं. १८६३ साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी निघाली. ब्रह्मदेशातल्या जंगलांचे मक्ते घ्यायचे, ओंडके इरावतीच्या प्रवाहात सोडायचे आणि जहाजाने बाहेर पाठवायचे, हा तिचा धंदा. १८८५ साली थिबा राजाच्या दरबाराने या कंपनीवर ठरल्यापेक्षा जास्त लाकूड तोडल्याचा ठपका ठेवून जबर दंड बसवला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. लढाई सुरू झाल्यावर महिन्याभराच्या आत मंडाले पडलं, राज्य खालसा झालं आणि थिबाला कुटुंबासह हिंदुस्थानात आणून १८८६ साली रत्नागिरीला ठेवलं. तो तिथेच १९१६ साली वारला. आता हा योग बघा. रत्नागिरी जिल्ह्यातली तरणी मुलं बोटीने मुंबईला येऊन गिरगावात बिऱ्हाड करत होती, आणि ज्या देशाच्या सागवानावर मुंबईची घरं उभी राहत होती त्या देशाचा पदच्युत राजा त्या मुलांच्या गावाजवळ नजरकैदेत बसला होता. व्हिक्टोरियाचं साम्राज्य म्हणजे काय हे मला तरी लढायांच्या सनावळीपेक्षा या एका खांबावरून जास्त कळतं.

लोखंडही आलं, पण बेताने. १८६०च्या दशकात काळाघोड्याजवळ वॉटसन हॉटेलचा पुरा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडला होता. चाळीच्या मालकाला तसला थाट करायचा नव्हता. त्याने लोखंड वापरलं ते गॅलरीला आधार देणाऱ्या नक्षीदार घोड्यांना, कठड्याच्या गजांना आणि कधी गोल जिन्याला. १८५८ साली सुरू झालेला भायखळ्याचा रिचर्डसन अँड क्रुडास यांच्यासारखा कारखाना शहरातच होता, त्यामुळे ओतीव काम इथल्या इथे मिळू लागलं. वेलबुट्टीचा तोच साचा म्हणून शेजारशेजारच्या चाळींवर पुन्हा पुन्हा दिसतो.

पुढून अशी देखणी असलेली ही इमारत मागच्या बाजूने मात्र वेगळी असे. मागे दोन इमारतींच्या मध्ये हात-दोन हात रुंदीची फट ठेवलेली असायची. तिला घरगल्ली म्हणत. मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, त्याखाली टोपली, आणि ती उचलून नेणारा माणूस या घरगल्लीतून यायचा. त्या कामासाठी म्युनिसिपालिटी हलालखोर पट्टी वसूल करी. चाळीच्या आराखड्यात जात अशी बांधून टाकलेली होती; पुढची गॅलरी आणि मागची गल्ली या दोन वाटा कधी एकमेकींना भेटत नसत. चाळीच्या जिव्हाळ्याबद्दल लिहिताना ही मागची वाट आपण गाळत आलो आहोत.

पाणी १८६०मध्ये विहार तलावातून आणि १८९२मध्ये तानसातून आलं. खोलीत मोरी झाली, मजल्यावर नळ झाला. पण पाणी आलं तेवढ्या वेगाने गटारं आली नाहीत, आणि पाण्याची जिथे ये-जा जास्त तिथलं लाकूड आधी कुजलं. जुन्या चाळीला टेकू लावलेले दिसतात ते बहुतेक वेळा संडास-मोरीच्या बाजूलाच. पुढच्या गॅलरीतले खांब ठणठणीत असताना मागची तुळई पीठ झालेली असते.

मग १८९६चा सप्टेंबर आला. मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना डॉक्टर अकॅशिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मेट्रो सिनेमासमोरचा त्यांचा पुतळा रोज हजारो लोक ओलांडून जातात. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून पळाली, आणि त्यातली बरीच थळ घाटाच्या गाडीने वर आली. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. अंधार, ओल आणि कोंडलेली हवा यांवर सरकारचा संशय होता, म्हणून सगळा राग घरांवर निघाला. खोल्यांना चुना फासला, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली, आणि राहायला नालायक ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर यू.एच.एच. ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. पुण्यात अशाच घरझडतीच्या संतापातून २२ जून १८९७ला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. ट्रस्टने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. समुद्राची हवा शहराच्या पोटात जावी हा हेतू. त्यांनी पाडलं भराभर आणि बांधलं सावकाश, त्यामुळे उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागली. ट्रस्टचा एक विचार मात्र मला फार मोलाचा वाटतो. जे. पी. ऑर या अधिकाऱ्याने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम मांडला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात रेघ ओढली तर ती समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून मोकळी गेली पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. तळमजल्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही आकाशाचा तुकडा दिसायला हवा, हा त्यामागचा हट्ट. आज गिरगावात दोन मनोऱ्यांमधली फट बघितली की हा नियम किती माणुसकीचा होता ते कळतं.

प्लेगच्या तीन वर्षं आधी या चाळींच्या वास्तूने एक वेगळंच काम करून दाखवलं होतं. कांदेवाडीत, म्हणजे आताच्या खाडिलकर रोडवर, केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. केशवजी नाईक हे कच्छी व्यापारी. मशीद बंदरजवळच्या भातबाजारात १८७६ साली उभारलेलं कारंजं त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. स्टीव्हन्सने बांधलेली महापालिकेची भव्य इमारतही त्याच वर्षी पूर्ण झाली. एका बाजूला दगडी घुमटाखाली मूठभर मतदारांनी निवडलेलं नगरशासन, आणि दुसऱ्या बाजूला लाकडी गॅलऱ्यांमधल्या फरसबंद जागेत शे-दोनशे भाडेकऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेला उत्सव.

हा उत्सव चाळीतच का रुजला, याचं एक उत्तर टिळकांच्या प्रेरणेत आहे आणि दुसरं इमारतीत. समोरासमोर दोन रांगा, मध्ये मोकळी जागा, आणि तिन्ही मजल्यांवर सलग कठडे: ही नाट्यगृहाचीच रचना आहे. खाली व्याख्यान झालं, कीर्तन झालं, मेळ्याची पदं झाली, की प्रत्येक बिऱ्हाड आपल्या दारातून ते बघू शकत होतं. ज्या काळात घरंदाज बाईला सभेला जाणं अवघड होतं, त्या काळात ती आपल्या उंबऱ्यापासून दोन पावलांवर, कठड्याशी उभी राहून राजकीय व्याख्यान ऐकत होती. वाड्यात हे शक्य नव्हतं, कारण वाड्याचा चौक मालकाचा असतो. बंगल्यात तर प्रश्नच नाही. चाळीतली मधली जागा कुणा एकाची नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली. १९०१ साली टिळक स्वतः या गणपतीला आले होते. पुढे होमरूलच्या दिवसांत गिरगावातल्याच शांताराम चाळीच्या आवारात मोठमोठ्या सभा झाल्या, त्यामागेही हेच कारण आहे. केशवजी नाईक चाळीतली मूर्ती अजून लहानच असते आणि पालखीतून विसर्जनाला जाते. मधली जागा जेवढी, मूर्तीचं मानही तेवढंच, हे शहाणपण त्यांनी टिकवलं याचं मला कौतुक वाटतं.

जुन्या चाळीत शिरल्यावर मी आधी जिना बघतो. चढ इतका उभा की पायरीवर पाऊल तिरकं टाकावं लागतं. मधोमध वरपासून खालपर्यंत एक जाड दोर लोंबतो; तो धरून चढायचं. शे-सव्वाशे वर्षांच्या पावलांनी पायऱ्यांचा मध्य खोलगट झालेला असतो, आणि दोन्ही कडांना मात्र रंध्याचे मूळ फटकारे अजून हाताला लागतात. खांबाच्या माथ्याला कमळाची पाकळी कोरलेली असते. तिथे उजेड पोहोचत नाही, तरीही सुताराने ती कोरली आहे.

पुढची हकिगत कायद्याची आहे आणि ती थोडक्यात सांगतो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १९४०च्या पातळीवर गोठवलं. युद्धानंतरच्या टंचाईत तो निर्णय योग्य होता, पण तो तात्पुरता राहिला नाही. महिन्याच्या भाड्यातून मालकाला कौलंही बदलता येईनात, आणि पागडी देऊन शिरलेला भाडेकरू स्वतःला अर्धा मालक समजू लागला. दुरुस्ती कुणाचीच नव्हती. १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं, तेव्हा बेट मुंबईतल्या १९,६४२ इमारती त्याच्या यादीत आल्या. मंडळाने हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं हे खरंच. पण ती दुरुस्ती म्हणजे सागवानाच्या जागी लोखंडी गर्डर आणि कडीपाटाच्या जागी सिमेंट.

आता पुनर्विकासाची वेळ आहे. मेट्रो-३च्या गिरगाव आणि काळबादेवी स्थानकांसाठी काही जुन्या इमारती गेल्या, बाकीच्या एकेक करून विकासकाकडे जात आहेत. त्यात राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. चार माणसांनी दहा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढायचं, म्हातारपणी रात्री गॅलरीच्या टोकाला संडासला जायचं, आणि आम्ही बाहेरून येऊन खांबाच्या नक्षीचं कौतुक करायचं, हे बरोबर नाही. त्यांना स्वतःचा संडास आणि लिफ्ट मिळालीच पाहिजे. माझी तक्रार दुसरी आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ साली आली आणि चाळींच्या शेजारची खोताची वाडी तिच्यात सामील झाली. तिथली ओटीची, बाहेरून जिना असलेली बसकी घरं त्यामुळे निदान नोंदली तरी गेली. चाळीच्या वाट्याला तेवढंही फारसं आलं नाही. चाळ पाडताना तिचा मोजून काढलेला नकाशा, लाकडाच्या जोडांची चित्रं, कौलांवरचे ठसे, भाडेपावत्या यांपैकी काहीही मागे ठेवलं जात नाही. सागवान जुन्या बाजारात विकलं जातं आणि विटा डंपरमध्ये जातात.

हे फक्त मुंबईचं नाही. लासलगाव, येवला, निफाड, नाशिक या पट्ट्यातही त्याच रेल्वेच्या काळात बांधलेली लाकडी घरं, वाडे आणि दुकानं उभी आहेत आणि त्यांच्याही वाटण्या आणि पाडापाडी चालू आहे. घर पाडायचं की ठेवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाडण्याआधी एक दिवस काढा. टेप घेऊन खोल्या मोजा, खांब आणि तुळयांची जाडी लिहा, जिन्याचे, कड्यांचे, कोरीव कामाचे फोटो घ्या, कौल उलटून त्याच्यावर काय छापलं आहे ते बघा, घर कुणी आणि कधी बांधलं हे घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारून लिहून ठेवा, जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या आणि एक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. १८४०पासून चालत आलेली ती संस्था आहे, तिथे ते कागद टिकतील.